कोणत्या पृथ्वीवरचा नकाशा?

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी आमच्या कॉलेजात सामानाची पडताळणी असते. खुर्च्या मोजतात, पंखे मोजतात आणि भूगोल विभागात नकाशे मोजतात. बुलडाण्याच्या त्या कॉलेजात मी वीस वर्षं भूगोल शिकवते आहे. आमच्या विभागाच्या परिचर बाई माझ्याहूनही दोन वर्षं जुन्या. सगळं कॉलेज त्यांना आपा म्हणतं, प्राचार्यसुद्धा. नकाशांच्या लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते. त्या रजेवर असल्या की भूगोल बंद.

आपा एकेक टोपोशीट उलगडून टेबलावर धरत होत्या आणि मी यादीत खूण करत होते. टोपोशीट म्हणजे सर्वेक्षणाचे जुने, बारीक तपशिलांचे नकाशे. आमच्याकडचे कापडावर चिकटवलेले आहेत, उघडले की जुन्या खळीचा वास येतो. एका नकाशावर मी खूण केली आणि पुढच्याची वाट बघत बसले. पुढचा येईना.

"मॅडम," आपा म्हणाल्या, "हे आमचं गाव हाय."

त्यांचं माहेर घाटाखाली, रोहिणखेडच्या अलीकडे. बावीस वर्षं हे नकाशे झटकले, पण गाव कधी शोधलं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून त्या इतक्या वाकल्या की नाक कागदाला लागलं.

"आन् हे निळं काय हाय?"

"विहीर. पाणी असलेली."

"पर त्या अंगाले तं विहीरच नाई!" एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या. मग एकदम उठल्या. मग परत बसल्या. "दादामियाँ सांगत होते ना, मॅडम! आमचे दादामियाँ!"

दादामियाँ म्हणजे त्यांच्या वडिलांचे वडील. ते म्हणायचे, गावाबाहेर एक पायऱ्यांची बारव होती, मी तिच्यातच पोहायला शिकलो. गावात तशी बारव कुणी पाहिलेली नाही. म्हाताऱ्यांचं ऐकून आपा ती गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईदेला सांगायच्या आणि त्यांचे थोरले भाऊ, भाईजान, प्रत्येक वेळी हसायचे. "आली आपाची बारव," असं म्हणायची घरात पद्धतच पडली होती.

आता तो ठिपका मसुराच्या डाळीएवढा होता. पण त्या नकाशात एक इंच म्हणजे एक मैल, त्यामुळे मसुराएवढ्या ठिपक्याखाली चार वावरं झाकली जातात. कागद हातात घेऊन शोधायला गेलो असतो तर आठ दिवस शेतांच्या धुऱ्यांवरून हिंडत बसलो असतो. तेव्हा मी फुशारकीने बोलून गेले, "आपा, हा नकाशा आपण कॉम्प्युटरवर घेऊ. खाली आजचा उपग्रहाचा फोटो ठेवू, वर हा जुना नकाशा बसवू. मग मोबाईल घेऊन बरोबर त्या ठिपक्यावर जाऊन उभं राहता येईल."

"होते असं?"

"हाव. फुकटातलं सॉफ्टवेअर आहे. मी शिकले आहे."

शिकले होते, म्हणजे पाच दिवसांचं ऑनलाईन प्रशिक्षण घेतलं होतं. प्रमाणपत्रही होतं. त्या पाच दिवसांत सगळं सुरळीत झालं होतं, कारण शिकवणाऱ्याने दिलेला नकाशा आधीच आपल्या जागी बसलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

नकाशा स्कॅन करायला एवढं मोठं यंत्र बुलडाण्यात फक्त बॅनरवाल्याकडे. दुकानात आधीच वाढदिवसाचे चार बॅनर उभे होते. मी गुंडाळी पुढे केली, त्याने न बघताच विचारलं, "फोटो कोणाकोणाचे टाकायचे, मॅडम?"

"कोणाचेच नाही. आहे तसाच स्कॅन करून द्या."

त्याने उघडून बघितलं, आपांकडे बघितलं. "नुसता नकाशा? शुभेच्छुक कोणीच नाई?"

आपा म्हणाल्या, "शुभेच्छुक दादामियाँ," आणि आम्ही दोघी त्याच्या दुकानात ज्या हसायला लागलो त्या पेन ड्राइव्ह हातात येईपर्यंत हसतच होतो.

सुट्टी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही विभागात हजर. रिकामं कॉलेज, मैदानात एक गाय, आणि आत आम्ही दोघी. आपांनी डब्यात शेवया आणल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला, सॉफ्टवेअर सुरू केलं, नकाशाची फाईल आत ओढली. पडद्यावर काहीच आलं नाही. पांढरा फटक.

"आला?" आपांनी विचारलं.

"येतोय."

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग मला आठवलं, एक बटण असतं, ज्याने आपला नकाशा जिथे असेल तिथे जाता येतं. ते दाबलं आणि नकाशा पडदाभर उघडला. आपांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग खाली उपग्रहाचा फोटो लावला आणि नुसतं निळं दिसायला लागलं. मी बाहेर, अजून बाहेर येत गेले, तशी एक किनारपट्टी दिसली. ती कोकणची नव्हती. ती आफ्रिकेची होती. आपांचं गाव, शिव, पांदण रस्ते आणि नाल्यासकट अटलांटिक महासागरात, विषुववृत्तावर पडलं होतं.

"इतकं पाणी!" आपा म्हणाल्या. "मंग बारव सापडलीच म्हणा."

खरं कारण सोपं होतं. स्कॅन केलेला कागद म्हणजे कॉम्प्युटरसाठी नुसतं चित्र. ते पृथ्वीवर कुठलं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग तो बिचारा शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर नेऊन ठेवतो, आणि तिथे समुद्र आहे. उपाय असा की नकाशाचे चार कोपरे पकडायचे आणि प्रत्येक कोपऱ्यावर छापलेले अक्षांश-रेखांश त्याला सांगायचे. हे मला येत होतं. मी कोपऱ्यावर क्लिक करायचे आणि आपा भिंग धरून आकडे वाचायच्या. बारीक छपाईचे ते आकडे त्यांनी मौलवीसाहेबांसारखे सूर लावून वाचले. मी टाइप केले, ठीक म्हटलं, आणि श्वास रोखून बघत बसलो.

ह्या वेळी पडदा पांढरा झाला नाही, निळाही झाला नाही. राखाडी झाला. मी बाहेर येत गेले. वर बर्फ, डावीकडे बर्फ, खाली कुठेतरी नॉर्वे.

"हे कुठं आलो?"

"उत्तर ध्रुवाच्या वाटेवर."

"या अल्ला! भाईजानची तूर गारठन ना!"

मी खुर्चीवरून खाली पडायचीच बाकी राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाहेरून शिपाईदादा डोकावून गेले, काय झालं म्हणून. त्यांना आपांनी गंभीरपणे सांगितलं, "काई नाई, गाव ध्रुवावर गेलं," आणि ते जास्त काही न विचारता निघून गेले.

चूक माझीच होती, आणि ती अशी की मी आमच्या अकरावीच्या पोरींना त्याच चुकीसाठी दर वर्षी रागावते. आपलं गाव अंदाजे वीस उत्तर अक्षांश आणि शहात्तर पूर्व रेखांशावर. मी अक्षांश रेखांशाच्या रकान्यात आणि रेखांश अक्षांशाच्या रकान्यात भरले होते. शहात्तर उत्तरेला आणि वीस पूर्वेला जे असेल ते आम्हाला मिळालं. आकड्यांची अदलाबदल केली आणि गाव बर्फातून उठून थेट विदर्भात आलं. एका क्षणात! मी पुण्याला जायचं म्हटलं तरी रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी होतात.

आता गाव गावाजवळ होतं. पण मोजमाप करायचं तर अंश-मिनिटांतला नकाशा मीटरमध्ये बदलून घ्यावा लागतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याची ती एक वेगळी रीत, आणि तिच्यासाठी सगळ्या जगाचे उभे पट्टे पाडलेले आहेत. आपला पट्टा त्रेचाळीसावा. मी यादीत चव्वेचाळीसावर बोट टेकवलं. गाव छत्तीसगड-ओडिशाच्या सीमेवरच्या जंगलात. आपा आता सरावल्या होत्या. त्यांनी शेवयांची दुसरी वाटी भरत विचारलं, "इथं हवा चांगली हाय का?"

पट्टा दुरुस्त केला. नकाशा परत आला, पण जरा तिरका होऊन, आणि चारी बाजूंना काळ्याभोर त्रिकोणी चिंध्या घेऊन. त्यांच्याखाली अर्धी शिव झाकली गेली. ह्या चिंध्यांनी संध्याकाळ खाल्ली. नकाशा फिरवताना जे रिकामे कोपरे उरतात ते कॉम्प्युटर काळ्या रंगाने भरतो. काळा म्हणजे काहीच नाही, हे त्याला वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं, तर त्याने नकाशावरची काळी अक्षरंसुद्धा पुसून टाकली. गावांची नावं गेली, रस्ते गेले. मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला, रिकामे कोपरे पारदर्शक ठेवायची एक छोटीशी खूण मला सापडली, आणि नकाशा स्वच्छ होऊन उपग्रहाच्या फोटोवर येऊन बसला. जुन्या रेषा, खाली आजची हिरवी-पिवळी वावरं. गावावर गाव!

आम्ही उठून नाचलो असं लिहायला मला संकोच वाटत नाही. सत्तेचाळीस वर्षांची मी आणि छप्पन्न वर्षांच्या आपा, भूगोल विभागात, हात धरून.

नाचून झाल्यावर आपांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मॅडम, आमची मशीद वावरात कशी?"

खरंच, नकाशावरचं मशिदीचं चिन्ह गावाबाहेरच्या एका वावरात होतं. फोटोत मशिदीचं पांढरं छत थोडं वर, डाव्या हाताला स्पष्ट दिसत होतं.

"जुने नकाशे असेच असतात," मी म्हटलं. "हाताने काढलेले. थोडं इकडे-तिकडे व्हायचंच."

इतकं खोटं मी इतक्या आत्मविश्वासाने आयुष्यात कधी बोलले नसेन.

निळा ठिपका पडला होता गावातल्या एका कास्तकाराच्या गोठ्यावर. भाईजानचे ते शेजारी, वावराला वावर लागून; गावात त्यांना भाऊ म्हणतात. भाऊबीज झाल्यावर आम्ही दोघी जीपने घाट उतरून गेलो. मोबाईलमध्ये नकाशा, त्यावर आमची जागा दाखवणारा ठिपका चालतोय, आणि आपा पुढे अशा निघाल्या होत्या जणू पालखीच्या पुढचा दिवटीवाला. भाईजान सत्तरीचे, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि म्हणाले, "आली का आपाची बारव?"

"आई नहीं, मिल गई," आपा म्हणाल्या. "चलो."

मला वाटलं होतं, गोठ्याचे मालक आम्हाला हाकलून देतील. पण त्या भाऊंना आमच्यापेक्षा जास्त घाई. "माह्या गोठ्याखाली बारव? मंग काऊन सांगतलं नाई आजवर?" असं म्हणत त्यांनी दोन बैल, एक म्हैस आणि तिचं वगारू बाहेर काढून बाभळीला बांधलं. पहार आणली, फावडं आणलं. मोबाईलवरचा ठिपका जिथे निळ्या ठिपक्याला मिळाला तिथे मी टाच आपटली. तिथेच भाऊंनी पहार मारली.

आसपासचे दहा-बारा जण जमले. भाऊ खणत गेले. गुडघ्याएवढं झालं, मुरूम. कंबरेएवढं झालं, मुरूम. भाईजान काठावर उकिडवे बसून दर पाच मिनिटांनी "पानी आया?" विचारायचे. छातीएवढा खड्डा झाला तेव्हा खालून नुसता खडक लागला, अखंड, मानवजातीने कधी हात न लावलेला. खणणारे भाऊ वर आले, घाम पुसला, खड्ड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असू द्या, मॅडम. मले शेणखताले खड्डा पाह्यजेच होता."

सगळे हसले. मीही हसले, पण माझे कान गरम झाले होते. आपा हसल्या नाहीत. परतीच्या जीपमध्ये, राजूर घाट लागला तेव्हा, त्या म्हणाल्या, "मॅडम, मशीद वावरात नव्हती ना पण."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदा नीट बघितलं. मशीदच नाही, नालाही नाल्यावर नव्हता. रस्ता रस्त्यावर नव्हता. नकाशावरचं प्रत्येक वळण आजच्या वळणापासून शंभरेक मीटर पूर्वेला आणि नव्वदेक मीटर दक्षिणेला. हाताने काढणारा माणूस चुकला असता तर कुठे इकडे, कुठे तिकडे चुकला असता. हे सगळं एकाच बाजूला, एकाच मापाने सरकलं होतं, टेबलावरचा टेबलक्लॉथ ओढावा तसं.

फुकटच्या सॉफ्टवेअरची एक गंमत असते. त्याला दुकान नसतं, तक्रार खिडकी नसते, पण जगभरातले वापरणारे एका चर्चेच्या पानावर एकमेकांना मदत करतात. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं, पडद्याची चित्रं जोडली. सकाळी चहा घेताना बघितलं तर उत्तर आलेलं. लिहिणारा कोण, कुठल्या देशाचा, मला आजही माहीत नाही. त्याने एकच प्रश्न विचारला होता: तुमचा नकाशा कोणत्या पृथ्वीवर काढलेला आहे?

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग हातातला कप तसाच राहिला.

पृथ्वी अगदी गोल नाही. मोजणाऱ्यांना तिचा काहीतरी आकार गृहीत धरावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या सर्वेक्षणाने एक आकार धरला आणि तो मध्य प्रदेशातल्या कल्याणपूर नावाच्या ठिकाणी जमिनीला टेकवला. मोबाईल आणि उपग्रह दुसराच आकार धरतात. त्यामुळे अक्षांश-रेखांशाचे तेच आकडे दोन्हींवर वेगळ्या जागी पडतात, आपल्या भागात शे-दीडशे मीटरच्या अंतराने. आणि हे सगळं मला माहीत होतं! "भारताच्या जुन्या नकाशांसाठी वापरलेला गोलाभ", म्हणजे हाच धरलेला आकार, हा दोन मार्कांचा प्रश्न. मी वीस वर्षं तो फळ्यावर लिहून देत आले, पोरी वीस वर्षं पाठ करत आल्या. त्या ओळीत एक म्हैस बाहेर बांधायला लावायची ताकद आहे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मी आपांना फोन लावला. "आपा, किल्ली घेऊन या! पृथ्वी चुकली होती!"

"कोण चुकलं?"

"पृथ्वी!"

"येतो," त्या म्हणाल्या.

अर्ध्या तासात त्या आल्या, केसांना मेंदी लावलेली, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. मी यादीत कल्याणपूर शोधलं. सापडलं. निवडलं. नकाशा तसूभर हलला नाही. पुन्हा केलं, नाही. बाराला आम्ही दोघी रडकुंडीला आलो होतो. मग त्या अनोळखी माणसाचं उत्तर मी पुन्हा हळूहळू वाचलं. त्याने खाली बजावलं होतं की दोन कामं वेगळी आहेत. नकाशाला तो मूळचा कुठला ते सांगणं हे एक काम, आणि मग त्याला इकडे, उपग्रहाच्या पृथ्वीवर, आणणं हे दुसरं. मी फक्त नाव बदलत होते. आणि दुसरं काम करताना सॉफ्टवेअर एक खिडकी उघडून विचारत होतं, कोणत्या रीतीने आणू? त्यात सगळ्यात वरची रीत होती "काहीच न करता", आणि घाईत मी दर वेळी तीच मान्य करत होते.

"म्हणजे तो इचारून राह्यला आन् तुमी काई करू नको म्हणून राह्यल्या," आपा म्हणाल्या.

"हाव."

"मंग त्याचा काय दोष?"

मी खालची रीत निवडली. आपांनी डोळे मिटले, मी बटण दाबलं. नकाशाने टुणकन उडी मारली. एवढीशीच, बोटभर, वर आणि डावीकडे. नाला नाल्यात पडला. रस्ता रस्त्याला चिकटला.

"मशीद!" आपा ओरडल्या. "मॅडम, मशीद! छतावर बसली, पाहा, छतावर!" आणि त्यांनी मला मेंदीच्या डोक्यासकट अशी मिठी मारली की माझ्या पिवळ्या ओढणीवर तो डाग अजून आहे.

निळा ठिपका आता गोठा सोडून नाला ओलांडून पलीकडे गेला होता. फोटोत तिथे घाणेरीची गर्द झुडपं दिसत होती, आणि मधोमध काहीतरी करडं.

दुसऱ्या दिवशी परत जीप, परत घाट. ह्या वेळी मी कुणाला काही बोलले नाही, मोबाईल धरून नुसती चालत राहिले. मागे आपा, भाईजान, गोठ्याचे भाऊ पहारीसकट, आणि त्यांच्या मागे गावातले पाच-सहा जण फुकटची मजा बघायला. नाला ओलांडला. घाणेरीपाशी ठिपक्याला ठिपका मिळाला. समोर दगडांचा मोठा ढीग, माणसापेक्षा उंच.

भाईजान थांबले. मग दाढीवरून हात फिरवला. "ह्याच्यात?" ते म्हणाले. "अरे, इथं तं मीच दगड टाकतो! वावरात निघालेले. अब्बा बी टाकत होते. साऱ्यांचेच दगड इथं."

"काऊन इथंच?" मी विचारलं.

"खड्डा होता म्हणून."

कुणी काही बोलायच्या आत आपांनी पदर खोचला आणि पहिला दगड उचलला. मग भाऊंनी. मग सगळ्यांनी. घाणेरी ओरखडत होती, एक सरडा पळाला, कुणीतरी साप साप म्हणून ओरडलं आणि ती सायकलची ट्यूब निघाली. दोन तासांनी ढिगाची एक बाजू खाली आली आणि भाऊंच्या पहारीचा आवाज बदलला. त्यांनी हाताने माती सारली. खाली घडीव दगडाची कड होती, सरळ, हात फिरवावा अशी गुळगुळीत. तिच्या खाली वीतभर उतरून दुसरी. तिसरी.

"पायरी," भाऊ म्हणाले, अगदी हळू.

भाईजान खाली बसले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. बहिणीकडे बघून म्हणाले, "तू सच बोलती थी. पचास साल से हम हँसते रहे."

आपा काय म्हणतील ह्याची मी वाट बघत होते. त्यांना वाटेल ते बोलायचा हक्क होता. त्या म्हणाल्या, "दगड कम फेंकते तो जल्दी मिलती," आणि पुढचा दगड भाईजानच्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत सात पायऱ्या मोकळ्या झाल्या. सातवीवर माती ओली होती. त्यानंतर अख्खं गाव कामाला लागलं. रोज कुणी ना कुणी आपांना फोन करायचं, आज नववी निघाली, आज अकरावी, आज एक कोनाडा निघाला. आपा वर्गाच्या दारात येऊन मला बोटांनी आकडा दाखवायच्या आणि माझं व्याख्यान तिथेच फसायचं.

तिसऱ्या आठवड्यात पाणी लागलं. आम्ही रविवारी पोचलो तेव्हा पंधराव्या पायरीवर गुडघाभर स्वच्छ पाणी होतं. खाली गार, वर लोकांची जत्रा. भाभीजानने मोठ्या पातेल्यात चहा ठेवला होता, दगडांवर बसून सगळे पीत होते. आपा पायऱ्या उतरून खाली गेल्या, पाण्यात पाय सोडून बसल्या, आणि तिथूनच जळगावच्या बहिणीला, मलकापूरच्या नणंदेला, एकेकीला व्हिडिओ कॉल लावून पाणी दाखवत राहिल्या. आवाज बारवेत घुमत होता. मोबाईल बंद पडला तेव्हा त्यांनी माझा मागून घेतला.

ह्या सगळ्यात शेवटची एसटी निघून गेली. जीपही नव्हती. मग बुलडाण्याच्या बाजाराला मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन निघालेला एक टेम्पो मिळाला. मागे जुड्यांच्या ढिगावर ताडपत्री, ताडपत्रीवर आम्ही दोघी. दिवस मावळत होता. घाटाच्या प्रत्येक वळणाला आम्ही एका बाजूला घसरायचो, पुढच्या वळणाला दुसऱ्या. हसून हसून पोटात कळ आली. टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "बाई, धरून बसल्या ना?"

"तू चालव," आपा म्हणाल्या.

बाजारात उतरलो तेव्हा माझ्या केसांत मेथी होती आणि आपांच्या साडीला सांभाराचा वास. हमाल आमच्याकडे बघत होते. आपांनी एक जुडी उचलली, टेम्पोवाल्याला दाखवून पर्समध्ये घातली, आणि रिक्षा बघायला निघाल्या.